बोटांना न कळलेला रंग

शाळेत मी दुसरीपर्यंतच गेलो, पण पानाचं मला कुणी शिकवायला नको. कळंबच्या रस्त्याला आमची द्राक्षबाग आहे. रोज सकाळी फेरी मारायची, एक पान देठासकट खुडून टोपीत ठेवायचं आणि ओट्यावर बसून त्यावरून दिवसाचं काम सांगायचं, ही माझी पद्धत. बाकी सगळं मुलाच्या हातात गेलं. एवढं मी सोडलं नव्हतं.

हल्ली डोळ्यांपुढं धुकं असतं. बारामतीचे डॉक्टर म्हणाले, आहे तेवढी नजर सांभाळा. घरी मी काही बोललो नाही. बोटं होती की. देठ ताठ का लुळा, बोटाला कळतं. देठ पानाला मिळतो तिथून पाच जाड शिरा फुटतात, त्यांना बारक्या शिरांचं जाळं. पाणी त्यांतूनच पानभर फिरतं. कडेला दाते. वरून गुळगुळीत, पाठ खरबरीत. याला डोळे कशाला लागतात?

परवा मुलगा म्हणाला, "आबा, उद्यापासनं फेरी मी मारतो. मांडवाच्या तारंला अडकून पडाल."

"मी कधी पडलो रे?"

"काल पडला न्हवता व्हय? आई हुती की तितं."

"बसलो हुतो."

बायको दारातून म्हणाली, "व्हय, तोंडावर बसला हुता."

मी टोपीतलं पान काढून चाचपलं. "ऐक. देठ ताठ हाय, आज पाणी नको. पाठीला बुरशी न्हाय. कडा वळल्या न्हाईत. बाग झ्याक हाय."

"आन् रंग?"

"हिरवा. दुसरा कुठला असतोय?"

बायकोनं पान हातातून घेतलं. "अवं, शिरा तेवढ्या हिरव्या हायती. मधलं समदं पिवळं पडलंय."

दोन शिरांमधल्या त्या पातळ जागेतच झाडाचं अन्न शिजतं. तीच जागा पिवळी पडली, आणि पिवळेपणात बोटाला लागण्यासारखं काही नसतं. मुलगा वाद न घालता फवारणीच्या तयारीला गेला. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठावंसं वाटेना. बायकोनं टोपी आणून डोक्यावर ठेवली.

"चला. रंग मी सांगते, बाकीचं तुमी सांगा."

"मला कुणाची गरज न्हाय."

"मला हाय. एकटीला बागंत भ्या वाटतंय."

जन्मभर अंधारात एकटी पिकाला पाटाच्या पाण्याची दारं धरणारी ही बाई. तिला भीती वाटते म्हणून तिचा हात धरला आणि निघालो.