मागाला एसी सोसत नाही

"एसी चालू आहे," अशी तक्रार आली.

मस्कतमध्ये एसीच्या धंद्यात तोवर माझी बरीच वर्षं गेली होती. एसी गळतो, एसी घरघरतो, साहेबांच्या केबिनमध्ये गार होत नाही आणि शेजारच्या अकाउंट्समध्ये बायका स्वेटर घालून बसल्यात, हे सगळं ऐकून झालं होतं. एसी चालतोय म्हणून तक्रार पहिलीच. शिवाय महिना सप्टेंबरचा. बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरायची.

मी आणि मुश्ताक निघालो. मुश्ताक माझा सीनियर टेक्निशियन, दापोलीकडचा. गाडीत बसल्याबसल्या म्हणाला, "सायेब, लोकं एसीसाठी मारामाऱ्या करतात आणि या बाईला बंद करून हवाय?"

मस्कतच्याच सीब भागात एक प्रदर्शनाचा हॉल होता, त्याचा मेंटेनन्स आमच्या कंपनीकडे. २०१४ साली तिथे आशियाई हस्तकलांचं प्रदर्शन भरणार होतं. उद्घाटन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. फिलिपिन्सच्या स्टॉलवर एक लाकडी हातमाग मांडला होता आणि त्याच्यासमोर साठीच्या आसपासची एक बुटकी बाई कमरेवर हात ठेवून उभी होती. ही लुर्देस. तिच्या गावात विणकर बायकांचा एक गट आहे, ती त्याची प्रमुख. प्रमुख आहे हे कुणी सांगायची गरज नव्हती.

"तू एसीवाला?" तिने विचारलं. तिचं इंग्रजी मोजकं, माझं कामापुरतं. चांगलं जमलं.

"हो मॅडम."

"तुझी हवा माझा धागा तोडते. बघ."

तिने मला बाजूला बसवलं आणि विणायला घेतलं. मागावर जो उभा धागा ताणलेला असतो त्याला ताणा म्हणतात. तो रेशमाचा होता. त्यातून धोट्याने जो आडवा धागा जातो तो बाणा. तो होता अननसाच्या पानांचा. पान खरवडून त्यातून तंतू काढायचे आणि एकेक तंतू हाताने गाठ मारून जोडत जायचं. मी चष्मा पुसून पाहिलं, तरी मला गाठ दिसेना. तंतू इतका बारीक की समोर धरला तरी उजेडात हरवायचा.

लुर्देसने धोटा सोडला. धागा अर्ध्यात तुटला. तिने जोडला. पुन्हा सोडला. वरच्या ग्रिलमधून आलेल्या झोताने धागा उडाला आणि तिच्या बाहीला चिकटला. सकाळपासून बोटभर कापड झालं होतं.

"आमच्याकडे विणताना पंखासुद्धा लावत नाहीत," ती म्हणाली. "घाम आला तर पुसायचा."

एसी हवा नुसती गार करत नाही, सुकवतोही. थंड कॉइलवर हवेतली वाफ धरते, तिचं पाणी होतं आणि नळीवाटे निघून जातं. खिडकीतल्या एसीखाली बादली ठेवतात ती याच पाण्यासाठी. माणसाला अशी कोरडी हवा बरी वाटते. अननसाचा तंतू मात्र कडक होऊन तुटतो, आणि रेशमाचे धागे उडून हाताला चिकटायला लागतात, कंगव्याला केस चिकटतात तसे. माझ्या मीटरवर आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या खाली होती. आमच्या हिशेबाने उत्तम.

तेवढ्यावर मी ग्रिल बंद करून निघालो असतो. पण तिने पुढचं सांगितलं. मस्कतमधल्या एका ओमानी बाईंचं शालींचं दुकान होतं. त्यांना कुणीतरी हातमागाचं म्हणून मशीनचं कापड विकलं होतं. आता डोळ्यांसमोर विणलेलं बघितल्याशिवाय त्या ऑर्डर देणार नव्हत्या. उद्घाटनाला त्या येणार होत्या.

"माझ्या गटातल्या तिघी कुवेतला घरकामाला गेल्या," लुर्देस म्हणाली. "ऑर्डर नाही मिळाली तर बाकीच्याही जातील. मग मी कुणाबरोबर विणू?"

घर सोडून इकडे येणं म्हणजे काय हे मला कुणी समजवायला नको होतं. मुश्ताकच्या मुलीचं लग्न त्याने फोनवर पाहिलं होतं.

कामाला लागलो. ग्रिल बंद केलं. वारा थांबला, कोरडेपणा तसाच. मुश्ताकने ओले टॉवेल आणून मागाभोवती टांगले. तासाभरात ते कडकडीत वाळले. एवढ्या मोठ्या हॉलची हवा एकच, ती कोपऱ्यातलं पाणी ओढून नेणारच. मग मी पूर्ण हॉलचं तापमान चढवलं. अर्ध्या तासात खजुराच्या चॉकलेटचा स्टॉलवाला धावत आला. त्याचा माल ट्रेमध्ये वितळायला लागला होता. पाठोपाठ आमचे मॅनेजर पिल्लै.

"साळवी, ये क्या चल रहा है? कल मिनिस्ट्री के लोग आएंगे!"

"सर, माग के लिए..."

"एक लूम के लिए पूरा हॉल गरम? खलास. बाईस डिग्री पे रखो."

त्यांचंही बरोबर होतं. हॉल पुन्हा बावीसवर आणला. लुर्देसने विणणं थांबवलं. धोटा मांडीवर ठेवून बसली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

डोकं शांत करायला मी आणि मुश्ताक बाजूच्या दारातून पार्किंगमध्ये निघालो, तर तीही मागोमाग आली. पार्किंगमध्ये देशी बदामाचं झाड होतं. त्याचं लाल झालेलं पान उचलून म्हणाली, "हे बघ, माझ्या ताण्यातला काळपट रंग याचाच." पानं उकळायची, त्यात रेशीम बुडवायचं, मग लोखंडाचा अंश असलेल्या चिखलात. निळा निळीच्या झाडाचा. लाल एका लाकडाचा. तिने वर्णन केलं त्यावरून ते आपल्या पतंग नावाच्या झाडाचं लाकूड असावं. डब्यातला रंग तिच्या घरात शिरलेला नव्हता. मुश्ताक तोंडात बोट घालून ऐकत होता. "आमच्या दारात दोन बदाम हायत," तो म्हणाला, "नुसता पाचोळा झाडतो आम्ही."

परत आत येताना लुर्देस मध्येच थांबली.

ते बाजूचं दार म्हणजे काचेची दोन दारं आणि मध्ये खोलीएवढी मोकळी जागा. बाहेरचं दार उघडलं तरी आतली हवा बिघडू नये म्हणून अशी लॉबी करतात. ती लॉबी म्हणजे माझ्या डोक्याला कायमचा ताप. बाहेरची दमट हवा फटीतून यायची, आतल्या काचेला घाम सुटायचा, फरशी ओली व्हायची. तिथल्या दमटपणाशी मी दोन उन्हाळे झगडलो होतो.

लुर्देसने हात पसरला, बोटं एकमेकांवर चोळली.

"इथे," ती म्हणाली.

मी मीटर काढलं. आर्द्रता पासष्ट. वाऱ्याची झुळूक नाही. आणि सगळीकडून काच, म्हणजे हॉलमधून दिसणारच. ते दार व्हीआयपींसाठीचं, या प्रदर्शनात वापरात नव्हतं. आणीबाणीचा रस्ताही वेगळा.

पिल्लैंनी कपाळाला हात लावला. "उधर गेस्ट को पसीना आएगा."

"गेस्ट आत थांबतील, सर. पसीना तिला येईल. तिला चालतो."

"कुछ हुआ तो तुम्हारी जिम्मेदारी."

"माझीच."

माग हलवताना लुर्देसने आम्हाला हमालासारखं राबवलं. ताण सैल केल्याशिवाय खांबाला हात लावू दिला नाही. मुश्ताकने "यल्ला, चला" म्हणून जोर लावला, तर त्याच्या मनगटावर चापट मारली. त्याने मुकाट्याने ऐकलं. माझं तो असं ऐकत नाही.

दुसऱ्या संध्याकाळी दिवे लागले, पाहुणे आले. मी जबाबदारी घेतलेला माणूस, काचेजवळच उभा. लुर्देसचा ब्लाउज पाठीला चिकटला होता आणि हात पाण्यातल्या माशासारखे चालले होते. पायाखालच्या पावड्या दाबायच्या, धोटा इकडून तिकडे, फणी ठोकायची. धागा तुटत नव्हता. निळ्या-लाल-काळ्या उभ्या रेघांवर तो पांढुरका तंतू चढत गेला की कापड ढगातून पाहावं तसं दिसायचं. इतकी वर्षं मी हवा हाताळली, हवेतून असं काही निघतं हे पहिल्यांदा पाहिलं. मन भरून आलं, उगाच कशाला लपवू?

दुकानवाल्या ओमानी बाई आल्या. काचेतून थोडा वेळ पाहिलं आणि सरळ दार ढकलून आत गेल्या. पिल्लैंनी माझ्याकडे पाहिलं. बाईंच्या चष्म्यावर वाफ धरली. त्यांनी तो काढून पर्समध्ये टाकला, अबाया सावरून फरशीवर बसल्या आणि कापडाच्या खालून बोट फिरवलं. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या तेव्हा कपाळावर घाम होता.

"इथे एसी नाही का?" त्यांनी मला विचारलं.

"मुद्दाम बंद ठेवलाय, मॅडम. धागा तुटतो."

त्यांनी मान हलवली. "मग खरं आहे," म्हणाल्या आणि लुर्देसकडे परत गेल्या.

ऑर्डर मिळाली. पुढच्या वर्षी लुर्देसचा निरोप आला, कुवेतच्या तिघींपैकी एक परत येऊन मागावर बसली. दोघी नाही आल्या. गटातली दुसरी कुणी मात्र गाव सोडून गेली नाही.

तेव्हापासून नवीन साइटवर मी "किती डिग्री हवं" हे आधी विचारत नाही. आधी विचारतो, इथे काम काय होणार आहे. बहुतेक ठिकाणी उत्तर येतं, "डायरेक्टरसाहेब बसणार." मग मी अठरा लावून देतो.