तात्याजींच्या पिकअपचं वायरिंग

दुरुस्त झालेली गाडी दुकानातून निघते आणि आपल्याला विसरून जाते. जी दुरुस्त होत नाही, ती मात्र किस्से ठेवून जाते. माझ्याकडे किस्से भरपूर आहेत, यावरून काय ते समजा!

पंच्याऐंशीच्या आसपास सौंसरच्या बसस्टँडमागे माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं. छिंदवाड्याहून कोर्स करून आलो होतो. सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर टांगलं आणि ते नीट दिसावं म्हणून वर एक बल्ब लावला. चौथ्या दिवशी तो बंद पडला. बल्ब बदलून पाहिला, होल्डर बदलून पाहिला, शेवटी नाद सोडला. गिऱ्हाईक वर बघून विचारायचं, "मिस्त्री, हे वायरिंग कोनाचं जी?"

"घरमालकाचं!" मी ठोकून द्यायचो. घरमालक शेजारीच राहायचे, त्यामुळे हे हळू आवाजात म्हणावं लागे.

*

अशा या दुकानात एके दिवशी मोहगावच्या तात्याजींची पिकअप आली. म्हणजे बैल लावून ओढत आणली.

तात्याजी संत्र्याचे मोठे बागाईतदार. पिकअप मिलिटरीच्या लिलावातली, स्टिअरिंग डाव्या बाजूला. ड्रायव्हर गुलाबराव अठरा वर्षं तीच चालवत होता. डाव्या बाजूला बसून चालवायची इतकी सवय झालेली, की एकदा कोणाची तरी साधी जीप चालवायला बसला तर सरळ संडासाच्या भिंतीत घातली. तेव्हापासून दुसरी गाडी त्याच्या हाती कोणी दिली नाही.

तात्याजींनी मला सर्टिफिकेटखाली उभं केलं आणि बजावलं, "सुधाकर, दिवाळीनंतर संत्रा तोडाले येते. तोवर हिचं वायरिंग ठीक झालं तं ठीक. नाई तं इकून टाकीन!"

गुलाबराव बाहेर बोनेटला टेकून ऐकत होता. तात्याजी गेल्यावर आत आला. म्हणाला, "सुधाकरभाऊ, ते गाडी गेली का म्या बी गेलो. पन्नाशी आली आता, मले कोन कामावर ठेवते?"

"काळजीच करू नका," मी म्हणालो. त्या वयात मला सगळंच सोपं वाटायचं.

*

पहिली तक्रार साधी होती. हेडलाइटचं बटन दाबलं की वायपर फिरायचा.

मी दोन दिवस डॅशबोर्डखाली उताणा पडून काम केलं. पाठीची सालं निघाली. तिसऱ्या दिवशी तात्याजींना बोलावलं. हेडलाइटचं बटन दाबलं, काहीच झालं नाही. वायपरचं दाबलं, तर हेडलाइट लागले!

"बरं झालं," तात्याजी शांतपणे म्हणाले. "पानी आला का उजेड पडन."

*

मग मी ठरवलं की जुनं सगळं उपटायचं आणि नवीन वायरिंग करायचं. नागपूरहून तारेचं अख्खं बंडल आणलं. स्वस्तात मिळालं, कारण सगळं एकाच रंगाचं होतं. लाल! दुकानदाराला मीच हुशारीने म्हणालो होतो, "करंटले रंग कुठी दिसते?"

करंटला दिसत नाही, पण मिस्त्रीला दिसावा लागतो, हे मला सगळ्या तारा ओढून झाल्यावर कळलं. डॅशबोर्डखाली नुसत्या लाल शेवया लोंबत होत्या. कोणती कुठे जाते, देवाला ठाऊक.

गुलाबरावाने युक्ती काढली. घरून चिंध्या आणल्या आणि एकेक तार सापडली की तिला चिंधी बांधायची. हिरव्या लुगड्याची हॉर्नला, छिटाच्या पोलक्याची डाव्या इंडिकेटरला, धोतराची अर्थिंगला. आमचं बोलणं ऐकणाऱ्याला वाटे, इथे शिंप्याचं दुकान आहे. "छीट कापू का? लुगडं ढिलं झालं का पाह्य!"

चौथ्या दिवशी गुलाबरावाची बायको दुकानात आली. तिने डॅशबोर्डखाली वाकून पाहिलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "माह्या भावानं देल्लं होतं ते लुगडं. नवं होतं!"

गुलाबराव त्या दिवशी दुकानातच जेवला.

*

लुगडं गेलं, पण गाडी चालू झाली. मी खूश! गुलाबराव लगेच पांढुर्ण्याला संत्र्याच्या रिकाम्या पेट्या आणायला निघाला. ट्रायल म्हणून मीही सोबत बसलो.

गाव सुटेपर्यंत सगळं छान होतं. समोर म्हैस आली, गुलाबरावाने ब्रेक दाबला आणि हॉर्न वाजला. मला वाटलं, त्यानेच वाजवला. पुढे बैलगाडी आली. ब्रेक, हॉर्न. गुलाबरावाने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर संत्र्याच्या बागा पाहू लागलो.

पांढुर्ण्याला रेल्वे फाटक लागलेलं होतं आणि रस्ता उताराचा. ब्रेकवरचा पाय काढला तर गाडी फाटकात जाणार, न काढला तर हॉर्न थांबेना! पुढच्या बैलगाडीचे बैल उधळायला आले. मागच्यांनी शिव्या घातल्या. शेवटी गेटमन हातात झेंडी घेऊन तावातावाने आला. "अरे, गाडी आल्याबिगर खोलू काय? काऊन बोंबलून राहिला?"

गुलाबरावाने माझ्याकडे बोट दाखवलं आणि मोठ्याने ओरडला, "यायले इचारा! हे मिस्त्री व्हय!"

मालगाडी निघून जाईपर्यंत सगळं फाटक माझ्याकडे बघत होतं. मालगाडी लांब होती.

*

खांडेनवमीला आमच्याकडे हत्यारं, यंत्रं, गाड्या सगळ्यांची पूजा होते. दसऱ्यानंतर दोन दिवसांनी निरोप आला, पिकअप गप पडली. मी सायकल मारत मोहगावला गेलो.

बोनेट उघडलं. बॅटरीवर हळद-कुंकू, झेंडूची फुलं, वर नारळ. मी हात जोडले. पूजा कशी हलवायची? म्हणून बॅटरी सोडून बाकी सगळं तपासलं. सेल्फ खोलला, डायनॅमो खोलला, फ्यूज बदलले. घामाने निथळत होतो, तेवढ्यात तात्याजींच्या घरच्या काकू चहा घेऊन आल्या.

"बॅटरीले हात नाई लावला का रे?"

"पूजा हाय ना, काकू!"

"पूजा कवाची झाली! तिले म्या आंघोळ घातली, तारायच्या टोप्या काढल्या, दोन्ही टोकायले हळद थापली आन् मंग टोप्या बसवल्या. गाडीचा जीव तिच्यातच असते ना?"

असं म्हणून त्यांनीच टोप्या उपसल्या, पदराने टोकांवरची हळद पुसली, परत बसवल्या. गुलाबरावाने सेल्फ मारला, गाडी सुरू!

"काकू," गुलाबराव म्हणाला, "बसस्टँडमागं एक दुकान काढा तुमी."

*

दिवाळी झाली. पिकअप मनात आलं तर सुरू व्हायची, नाही तर नाही. संत्रा तोडायला आला. तात्याजींनी सांगितलं, शुक्रवारी पांढुर्ण्याचा एक व्यापारी गाडी बघायला येतो आहे.

गुरुवारी दुपारी गुलाबराव दुकानात येऊन बसला. म्हणाला, "सुधाकरभाऊ, चार महिने तुमच्यानं ते सुधरली नाई. आता एक दिवस बिघडवून देता का?"

मला अपमान वाटायला हवा होता, पण मी लगेच हो म्हणालो. माझ्या कामावर इतका भरवसा तोवर कोणीच टाकला नव्हता.

शुक्रवारी सकाळी, व्यापारी यायच्या आत, मोहगावला जाऊन मी डॅशबोर्डखाली शिरलो. सेल्फकडे जाणारी तार तीन-तीनदा तपासली आणि हातभर तार उपटून खिशात घातली. "आता काय वाट्टेल ते करा," मी गुलाबरावाला म्हणालो, "हूं की चूं करनार नाई."

व्यापारी आला. गाडीभोवती फिरला, टायरला लाथ मारली. म्हणाला, "करा बरं चालू."

गुलाबराव निवांत चढला. निवांत सेल्फ मारला.

अर्ध्या सेल्फमध्ये गाडी सुरू! हेडलाइट लागले, दोन्ही. इंडिकेटर आपापल्या बाजूचे. ब्रेकला हॉर्न नाही, हॉर्नला हॉर्न. वायपरसुद्धा कोरड्या काचेवर डौलात फिरू लागला.

"घेतली!" व्यापारी म्हणाला.

खिडकीतून गुलाबरावाने माझ्याकडे पाहिलं. ती नजर आठवली की आजही मान खाली जाते.

तात्याजी गुलाबरावाच्या शेजारी चढून बसले. गाडी विहिरीला वळसा घालून, बागेच्या धुऱ्याने, बांधाबांधाने परत आली. तात्याजी उतरले, धोतर झटकलं.

"नाई इकत."

"काऊन जी?" व्यापारी चाट पडला.

"अशी चालते तं मी कायले इकू?"

गुलाबराव स्टिअरिंगवर डोकं टेकून रडत होता. तात्याजींनी चार महिन्यांत पहिल्यांदाच माझ्या पाठीवर थाप मारली. "शेवटी केलंच तू, सुधाकर! काय केलं बापा असं?"

मी खिशात हात घालून मूठ घट्ट दाबली.

"काई नाई जी," मी म्हणालो, "एक तार बसवली."