तुमी सोता बगलं का?

दारातच ती चपला काढायची, प्लास्टिकच्या पिशवीत घालायची, पिशवीला गाठ मारायची आणि ती मांडीवर घेऊन दाराजवळच्या खुर्चीत बसायची. बाहेर आमच्या सगळ्यांच्या चपला उघड्यावर पडलेल्या असत, पण आमच्यावर तिचा भरवसा नव्हता.

पनवेलच्या वाचनालयामागच्या खोलीत रविवारी संध्याकाळी आम्ही काही रिकामटेकडे जमतो आणि गावाच्या जुन्या आठवणी सांगतो. तिथे या मावशीला मीच बोलावलं होतं. बाजारात ती मासे विकायची, मी तिचा जुना गिऱ्हाईक. "ताजा आहे ना?" असं विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं. "मी सांगून तुमी इस्वास ठेवाल? कल्ला उगडा नि बगा." मग स्वतःच माशाचा कल्ला उचलून लाल रंग दाखवायची. मला वाटलं होतं, हिच्याकडे गोष्टींची टोपली भरलेली असणार.

पहिल्याच दिवशी मी मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू केलं तशी ती ताठ झाली.

"ह्या कुनाला दाखवनार?"

"कुणाला नाही, मावशी. आठवण म्हणून."

"मंग जागा बगाला कोनी येनार नाय ना?"

सगळे हसले. पण तुम्ही पनवेलकर असाल तर तिला वेड्यात काढणार नाही. आमच्याकडे फार प्रेमाने चौकशी करणारा माणूस बहुधा कुणाच्या तरी प्लॉटवर डोळा ठेवून असतो. मी मोबाईल खिशात घातला. तरी खिसा बंद आहे की नाही हे ती अधूनमधून बघत राहिली.

ती स्वतः काही सांगायची नाही, दुसऱ्यांचं मात्र तपासायची. घड्याळं दुरुस्त करणारे इब्राहिमभाई एकदा रंगात आले होते. तळ्यावर वाघ पाणी प्यायला यायचा, हा त्यांचा हुकमी किस्सा.

"तुमी सोता बगलं का?" दाराजवळून आवाज आला.

"मी नाही, आमच्या दादांनी."

"दादा कुठं हाय?"

"अल्लाला प्यारे झाले."

"मंग राहूं दे."

वाघ तिथेच मेला. इब्राहिमभाईंनी पुन्हा कधी त्याला तळ्यावर आणलं नाही. चहा आला तरी ती आधी आमच्यापैकी कुणीतरी प्यायची वाट बघायची. मला तर तिचा राग येऊ लागला होता. गोष्ट ऐकायला येऊन सारखं कल्ले उघडत बसायचं म्हणजे काय?

मग एका रविवारी उरणकडचे एक पाहुणे आले, बंदरावर नोकरी करून निवृत्त झालेले. चांगलं बोलायचे. एका वादळाची हकीकत सांगताना त्यांनी त्यात न परतलेल्या एका बोटीचं नाव घेतलं आणि म्हणाले, "त्या बोटीवरचे सगळे बुडाले म्हणे."

मावशी उभी राहिली. मांडीवरची पिशवी खाली पडली.

"तुमी सोता बगलं का?"

"मी नाही, पण सगळ्यांना माहीत आहे."

"बगलं नाय तर बोलाचा नाय." मग आवाज खाली आला. "माझा घरवाला होता त्या बोटीवर."

तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्यांकडे आम्ही सगळे त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहत होतो.

ती बोलत राहिली, उभ्यानेच. बोट आली नाही तेव्हा भावकीने बारावं-तेरावं उरकायचं ठरवलं, भटजी दारात आला. त्यालाही तिने हेच विचारलं आणि परत पाठवलं. "कुनीच बगलं नाय. यानं त्याला सांगलं, त्यानं याला सांगलं, नि झाला माझा मानूस मेलेला. मी कशी मरूं देऊ त्याला?"

पाहुण्यांनी हात जोडले. "चुकलं माझं, ताई," एवढंच म्हणाले. ज्याला मी खोड समजत होतो, त्याच्या जोरावर या बाईने एक माणूस इतकी वर्षं जिवंत ठेवला होता.

पुढच्या रविवारी ती आली, चपला काढल्या आणि आमच्या चपलांशेजारी ठेवल्या. पिशवी आणलीच नव्हती. त्या संध्याकाळी कोण काय बोललं ते मला आठवत नाही. माझं सगळं लक्ष तिच्या चपलांवर होतं.

पावसाळ्यानंतर ती यायची थांबली. बाजारातली तिची जागाही दुसरीने घेतली. परवा खोलीत बोलता बोलता इब्राहिमभाई हळूच म्हणाले, "मावशी वारल्या म्हणे. उरणला, बहिणीकडे."

"तुम्ही स्वतः पाहिलं का?" मी विचारलं. आवाज जरा जास्तच चढला.

त्यांनी चष्मा काढला. "नाही."

"मग नका बोलू."

इब्राहिमभाई उठले आणि भिंतीशी सरकवलेली तिची खुर्ची त्यांनी पुन्हा दाराजवळ आणून ठेवली.