रेणुकाची पिवळी बशी

अमडापुरात बातमी फिरली की पंजाबरावांची रेणुका कॉलेजात नकली सोनं पाडते. शेजारच्या अंबूबाई तर काळवंडलेली पाटली घेऊन तिच्या दारात जाऊनही आल्या. सोनंबिनं काही नाही हो. पोरगी संशोधन करते, आणि बनवते ते कॅडमियम सल्फाइड; पिवळंधमक, पण विषारी. शिवाय काम करताना सडक्या अंड्यासारखा वास सुटतो, म्हणून आई जनकाबाई तिला अंगणातच हातपाय धुवायला लावते.

त्याचे कण इतके बारीक की कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाहीत. सगळे एका मापाचे झाले आणि बशीतला द्रव झाकणाखाली सावकाश उडाला, की ते आपणहून रांगेत बसतात, मक्याच्या कणसावर दाणे बसतात तसे. घाई झाली की नुसता गोळा. कितीदा गोळाच झाला. शेवटी एक बशी साधली, आणि ती नागपूरच्या मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची पाळी दुसऱ्याच दिवशी होती. त्या पाळीसाठी पोरीनं वर्षभर अर्ज केले होते.

नेमकी तेव्हाच कॉलेजात तपासणीची कमिटी आली. दारातल्या रांगोळीच्या कमळात पिवळा रंग कमी पडला. समोरच्या किराणा दुकानात हळद मिळते, पण रांगोळी काढणाऱ्या अर्पिता मॅडमना पोरीची मेहनत जवळ पडली. झाकण काढलं, चमच्यानं बशी खरवडली, कमळाच्या पोटात भुरभुरवलं.

रेणुका आली, तिनं रांगोळी पाहिली, मग बशी पाहिली. आधी मॅडमचा पिवळा झालेला हात धरून त्यांना नळावर नेलं.

"साबण लावून धुवा मॅडम. जहर आहे ते."

मग ओलं फडकं घेऊन ती दारात पिवळं टिपायला बसली, तर प्राचार्य नारायणराव धावत आले.

"थांब वो पोरी. कमिटी फोटो काढून राह्यली."

"सर, कोणाचा पाय पडंल यावर. अन् माही बशी गेली. उद्या नागपूरले काय नेऊ?"

"पुन्हा सुकव ना. एवढंसं तं होतं." प्राचार्य हसले. "कमिटीले रांगोळी लय आवडली. तुयाही हातभार लागला समज."

रेणुकानं फडकं खाली ठेवलं नाही.

"मंग सर, नागपूरले या रांगोळीचा फोटोच नेते. सांगते त्याहिले, कण रांगेत बसले होते, पर साहेब आले म्हणून त्याहिले उठवलं."