सायकलींच्या खोलीतले शनिवार

माणसाने दारू सोडली की सगळे त्याची पाठ थोपटतात, पण संध्याकाळी सहा वाजता त्याने जायचं कुठे, हे कोणी सांगत नाही. पाठ थोपटून झाली की थोपटणारे आपापल्या घरी जातात. सहा वाजायचे ते वाजतातच. जेवायला अजून दोन-अडीच तास असतात, आणि एवढ्या मोठ्या शहरात, एवढ्या दिव्यांत आणि दुकानांत, एका माणसाला नुसतं बसायला जागा सापडत नाही.

असं घोडं अडलं ते एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याचं. सव्वीस वर्षं तो उंच इमारतींच्या पोटात उतरून लिफ्टा चालत्या करत होता. अंगाने काटकुळा, हात मात्र गुडघ्यापर्यंत पोचतील एवढे लांब. कामात वाघ. लिफ्ट अडकली की आतल्या माणसांना दाराआडून बोलतं ठेवायचं, ही त्याची खासियत. एकदा एक न्यायाधीश अडकले होते. याने बाहेरून त्यांच्या गच्चीतल्या टोमॅटोंची चौकशी सुरू केली. पंचवीस मिनिटांनी दार उघडलं तर साहेब बाहेर येईनात, कारण किडीची हकिकत अर्धीच झाली होती. ती संपवून मगच उतरले.

पण गंमत अशी, की हाच माणूस दाराआड पोपट आणि समोरासमोर नुसता खांब. चार लोकांत बसला की आपल्या लांब हातांचं काय करावं हे त्याला कळायचं नाही. म्हणून हातात ग्लास आला. ग्लास आला की हात जागेवर राहायचे, जीभ सुटायची. कामावरचा जोडीदार त्याला रोज बारमध्ये न्यायचा. या जोडीदाराचं तोंड अखंड चालायचं, कुठेही न घासता, न अडकता, म्हणून सगळे त्याला वंगण म्हणत. वंगण आणि तो, अठरा वर्षं एकच टेबल.

बायकोने खूप वर्षं सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी ती भांडली नाही, रडली नाही, बॅग भरून लेकीकडे शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली. तरीही याची सुटली नाही. सुटली ती पंधरा दिवसांनी, एका सकाळी. तो वर मशीनच्या खोलीत होता, वंगण खाली लिफ्टच्या टपावर. आदल्या संध्याकाळची थरथर हातात होती. पाना निसटला, नऊ मजले खाली गेला आणि वंगणच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर पत्र्यावर आदळला. वंगण हसला, "नेम चुकला रे तुझा," म्हणाला. याला हसू आलं नाही. त्या दिवसापासून थेंब नाही.

थेंब नाही म्हणजे काय, तर कामावरून घरी, दाराला कडी, टीव्ही. तीन महिने असे काढले. मग मोठ्या अभिमानाने त्याने बायकोला फोन केला आणि नव्वद दिवस झाल्याचं सांगितलं. त्याला वाटलं, ती लगेच बॅग भरेल. बाई शहाणी. तिने सगळं विचारून घेतलं, कुठे जाता, कोणाशी बोलता, आणि मग म्हणाली, "कडी लावून सोडलेली दारू कडी काढली की परत येते. तुम्ही चार माणसांत बसा, हसा आणि कोरडे घरी या. मला ते डोळ्यांनी दिसलं की मी येते."

आता आली का पंचाईत. दारू सोडणं त्याच्या हातात होतं, चार माणसं आणायची कुठून?

पण गडी हटला नाही. शहर पालथं घालायचं ठरवलं. आधी बागेतल्या बुद्धिबळात जाऊन बसला. तिथले म्हातारे घड्याळावर असे हात आपटायचे की बोलायला फटच मिळायची नाही, आणि हा हरला की पुढचा माणूस खांद्यावर टकटक करून उठवायचा. मग रविवारी चालायला जाणारी मंडळी गाठली. ती इतकी भरभर चालायची, की चार रविवार त्याने फक्त त्यांच्या पाठी पाहिल्या. कुंभारकामाच्या वर्गात सगळ्यांचे वाडगे वाकडे झाले आणि हसाहशी झाली. याचा वाडगा मापात, तर शिकवणारीने तो सगळ्यांना दाखवला, आणि त्यानंतर त्याच्याशी कोणी हसेना. गाण्याच्या मंडळात तर मजाच झाली. घासलेल्या दोरावर लिफ्ट चढावी तसा त्याचा आवाज. गाणं बसवणाऱ्या बाईंनी त्याला मागच्या रांगेत उभं केलं आणि हळूच सांगितलं, की तुम्ही फक्त ओठ हलवा. त्याने दोन महिने इमानाने ओठ हलवले. कार्यक्रमाला लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्याही त्याने घेतल्या.

सगळं चांगलंच होतं, वाईट काहीच नव्हतं. पण बारमध्ये एक सोय होती, ती यात कुठेच नव्हती. तिथे माणूस कशाला आला हे कोणी विचारत नाही. यावं, बसावं, उठावंसं वाटलं की उठावं. इथे जो तो काहीतरी करायला आलेला, झालं की आपापल्या वाटेने जाणारा.

आणि मग ध्यानीमनी नसताना एका संध्याकाळी त्याच्या स्वतःच्याच इमारतीची लिफ्ट सहाव्या-सातव्याच्या मध्ये अडकली. आत नवव्या मजल्यावरच्या निवृत्त शाळाबाई आणि तिसऱ्या मजल्यावरचा न्हावी. दहा वर्षं एका इमारतीत राहून दोघं एकमेकांशी शब्द बोलले नव्हते. हा बाहेरून बोलत होता, हात चालत होते. बाईंनी बंद पडलेल्या टेपरेकॉर्डरची रड सांगितली, न्हाव्याने ठिणग्या उडवणाऱ्या केस वाळवण्याच्या यंत्राची. चाळीस मिनिटांनी दार उघडलं. दोघं बाहेर आले, आणि घरी जायचं सोडून तिथेच जिन्यावर बसून बोलत राहिले. हाही बसला. बघतो तर आठ वाजून गेलेले. सहा कधी वाजले, सात कधी वाजले, त्याला पत्ताच लागला नव्हता. ग्लासाची आठवणही झाली नव्हती.

रात्रभर तो विचार करत होता. अडकलेली माणसं बोलतात. मग रोज उठून लिफ्टा बंद पाडायच्या का? नोकरी जायची! पण बिघडलेली वस्तू तर प्रत्येकाच्या घरात असते.

इमारतीच्या तळाशी सायकली ठेवायची खोली होती. निम्म्या सायकलींचे मालक कधीच घर सोडून गेलेले. सेक्रेटरीची परवानगी काढून त्याने सायकली एका भिंतीला लावल्या, मोठं टेबल टाकलं, वर दिवा ओढला आणि दारावर कागद चिकटवला: बिघडलेली वस्तू घेऊन या, शनिवार, संध्याकाळी सहा.

पहिल्या शनिवारी चौदा माणसं आली. छत्र्या, टोस्टर, टेबललॅम्प, एक गाणारी बाहुली. आणि आपल्या पठ्ठ्याने काय करावं? सव्वीस वर्षांची सवय! बिघाड दिसला की झडप. छत्रीची काडी तीन मिनिटं, टोस्टर चार, बाहुलीला तर त्याने दीड मिनिटात गायला लावलं. लोक म्हणाले वा, लोक म्हणाले धन्यवाद, आणि वस्तू काखेत मारून गेले. सात वाजायला पाच मिनिटं असताना खोलीत हा एकटा, पंधरा सायकली आणि पूर्ण संध्याकाळ.

तो तसाच बसलेला असताना शाळाबाई दारात आल्या. त्यांचा टेपरेकॉर्डर तर सगळ्यांत आधी झाला होता. काय झालं ते त्यांना न सांगता कळलं; चाळीस वर्षं वर्गात काढलेली बाई ती.

"तुम्ही गणित स्वतःच सोडवून वर्ग सोडून दिलात," त्या म्हणाल्या. "मुलं घरी जाणारच."

"मग काय करू, बाई? चुकीचं सोडवू?"

"खडू त्यांच्या हातात द्या."

झालं. पुढच्या शनिवारपासून खोलीचा एकच नियम. ज्याची वस्तू त्यानेच उघडायची, स्क्रू-ड्रायव्हर त्याच्या हातात. लिफ्टवाला फक्त टॉर्च धरणार.

ऐकायला सोपं वाटतं. ज्याच्या हाताला बिघाड दिसतो त्याने दुसऱ्याची चाचपड बघत बसायचं, याला केवढा संयम लागतो! न्हावी आपलं यंत्र उघडताना तोच स्क्रू उलटा पिळायचा, आणि याचे खांदे आपोआप वळायचे. पण बोट लावलं नाही. एका हातात टॉर्च, दुसरा हात मांडीखाली दाबलेला. आणि माणसं काय बोलायची! हात गुंतले की तोंड मोकळं होतं. इस्त्री उघडताना एकीने सासूची गोष्ट काढली, ती तीन शनिवार पुरली. न्हाव्याने शाळाबाईंना पाना धरायला शिकवलं, बाईंनी त्याला सूचनांचं पुस्तक वाचायला. चहाची किटली आली, कोणी बिस्किटं आणली. पुढे पुढे काही जण धडधाकट वस्तू घेऊन यायला लागले, उगाच उघडून पुसून बंद करायला. लिफ्टवाला ओळखायचा आणि मुकाट्याने टॉर्च धरायचा. बघता बघता तो समोरासमोर बोलायला लागला. तोंड उजेडाकडे असायचं ना, माणसाकडे नाही, म्हणून असेल.

अशा सातव्या शनिवारी दारात बायको उभी. हातात टेबलफॅन. लेकीकडून तिला कुणकुण लागली होती. तिने नवऱ्याला हाक मारली नाही, ओळखही दाखवली नाही, बाकावर रांगेत जाऊन बसली. याच्या हातातला टॉर्च छताकडे गेला, भिंतीकडे गेला, मग परत न्हाव्याच्या यंत्रावर आला.

आणि नशिबाची थट्टा बघा, पाठोपाठ वंगण आला. दोन घोट पोटात घेऊनच आला होता. सगळ्यांना नमस्कार केला, दोन विनोद केले, खोली हसवली. मग याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "पोरखेळ पुरे. तुझी खुर्ची रिकामी आहे रे. एकच. बसू, बोलू, साडेआठला घरी."

बाकावर बायकोने पंख्याच्या वायरची गुंडाळी करायला घेतली. सोडली. पुन्हा केली.

लिफ्टवाल्याने वंगणकडे पाहिलं. वंगणच्या चष्म्याची काडी मोडली होती, तांब्याच्या तारेने बांधलेली. पाना पडला त्या सकाळपासून ती तशीच होती, दचकून मान वळवताना चष्मा पडला होता.

"ती मी मोडली," तो म्हणाला. "बस इथं. आज तुझ्या चष्म्याशिवाय मी कुठं जात नाही."

वंगणला असलं काही ऐकायची सवय नव्हती. तो बसला. आयुष्यात पहिल्यांदा दहा मिनिटं गप्प बसला, कारण चष्म्याचा स्क्रू तांदळाच्या दाण्याहून बारीक असतो आणि तो बसवताना श्वाससुद्धा धरावा लागतो. शाळाबाईंनी त्याला भिंग दिलं. याने टॉर्च धरला. सातव्या खेपेला स्क्रू बसला, खोलीने टाळ्या वाजवल्या, वंगणने वाकून त्या स्वीकारल्या आणि तो थेट शाळाबाईंनाच, शाळेत छड्या किती मारल्या, ते विचारायला लागला. तासभर रमला. मग उठला आणि बारकडेच गेला. जित्याची खोड, एका चष्म्याने जात नाही. पण पुढच्या शनिवारी तो आधी इकडे आला, हे लिहून ठेवायलाच हवं.

तो गेला तेव्हा लिफ्टवाल्याने दाराकडे वळूनही पाहिलं नाही. बायकोने मात्र ते नीट पाहिलं.

तिचा नंबर आला. पंखा टेबलावर ठेवून तिने स्क्रू-ड्रायव्हर घेतला. मागचं झाकण निघालं आणि दोघांनाही एकदमच दिसलं, एक वायर नुसती सुटली होती. तीन मिनिटांचं काम. त्याने टॉर्च तसाच धरून ठेवला. तिने वायर बाजूला सारली आणि पाती काढली, जाळी काढली, एकेक तुकडा फडक्याने पुसत लेकीच्या घरच्या गोष्टी सांगायला लागली. जावई घोरतो कसा ते तिने करून दाखवलं, तेव्हा तो एवढा हसला की टॉर्च हलला.

"नीट धरा ना," ती म्हणाली.

आठ वाजता पंखा जोडून झाला, फिरला. तिने प्लग काढला, वायर गुंडाळली आणि म्हणाली, "माझ्या बॅगेची चेन अडकलीय. पुढच्या शनिवारी इथं आणू, का घरी?"

"घरी आण," तो म्हणाला. "पण उघडायची तूच. मी टॉर्च धरतो."