रुक्मिणीच्या पत्रातलं ‘मले’

अकोटच्या बाजारात खिळ्यांचा छापखाना चालवणारा गयासुद्दीन हा शेवटचाच माणूस. आता त्या जागी मोबाइलचं दुकान आहे. पण वीस वर्षांपूर्वी तिथून ट्रेडल मशीनचा खडखडाट यायचा आणि शाईच्या वासावरून रस्त्याला कळायचं, की गयासभाई दुकानात आहेत. शिशाचा एकेक खिळा उचलून ओळ जुळवायची आणि जुळवताना ती तोंडानं पुटपुटायची, ही त्याची रीत. डोळे हस्तलिखितावर, बोटं खणांत आणि मधे तोंड. आपल्या कामात चूक सापडणार नाही याचा त्याला गर्व होता आणि तो काही लपवून ठेवत नसे.

दिवस मात्र वाईट होते. कापसानं दगा दिला होता. लग्नपत्रिका आटल्या होत्या आणि तेरवीच्या पत्रिका वाढल्या होत्या, त्याही तिशीतल्या पोरांच्या. अशात एक दिवस मनकर्णाबाई कादंबरीचं बाड घेऊन आल्या. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. गयासुद्दीनच्या तिन्ही मुली त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या. कादंबरी रुक्मिणीवर. ती कौंडिण्यपूरची, म्हणजे वऱ्हाडची लेक. तिच्यावर बाहेरच्यांनी लिहावं आणि आपण नुसतं वाचावं, हे बाईंना सोसत नव्हतं. बारा वर्षं खपून त्यांनी ते लिहिलं होतं. गयासुद्दीन खूश झाला. कित्येक महिन्यांनी कुणीतरी लग्नाचं काही छापायला आणलं होतं.

ते चार महिने त्याच्या आयुष्यातले फार सुखाचे. एकेक फर्मा, म्हणजे काही पानांचा एक छापील ताव, निघायचा, बाई प्रूफ वाचायला यायच्या, चहा व्हायचा आणि पुढं काय होणार यावर दोघांचा वाद रंगायचा. रुक्मिणीच्या भावाचा गयासुद्दीनला इतका राग, की त्याचं नाव आलं की तो खिळे जरा आपटूनच बसवायचा.

प्रकाशनाला आठ दिवस उरले होते. समारंभाचे अध्यक्ष अमरावतीचे एक प्राध्यापक. छापलेले फर्मे त्यांना आधी धाडले होते. त्यांचं उत्तर आलं. कृष्णाला लिहिलेल्या पत्रात राजकन्या ‘मले घेऊन जा’ म्हणते, ही पानं बदला, नाहीतर मी येणार नाही.

गयासुद्दीननं फर्मा काढून पाहिला. चार पानांच्या त्या पत्रात सगळीकडे ‘मले’ आणि ‘तुले’. बाडात तर बाईंच्या वळणदार अक्षरात स्वच्छ ‘मला’ होतं. ओळ डोळ्यांतून तोंडात गेली होती आणि तोंडानं ती आपली करून बोटांना दिली होती. कमाल म्हणजे बाईंनी प्रूफ तीनदा वाचलं होतं आणि त्यांच्याही कानाला काही खटकलं नव्हतं.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका बाईची बारा वर्षांची मेहनत आपण मातीत घातली, असं त्याच्या मनानं घेतलं. त्यानं ती चार पानं पुन्हा जुळवली, या वेळी तोंड घट्ट मिटून, आणि ताजं प्रूफ घेऊन बाईंचं घर गाठलं.

बाईंनी आधी नवं पत्र मोठ्यानं वाचलं, मग जुनं. जुनं वाचता वाचता त्या थांबल्या आणि त्यांनी डोळे पुसले.

“गयासभाई, हे नवी पोरगी कोन व्हय? मी तं इले वळखत नाही.”

“बाई, चूक माह्या हातची हाये. पाव्हने येनार नाहीत.”

“नाही आले तं नाही आले. बारा वर्सं मी तिले शहरातलं बोलनं शिकवत राहिली. तुमी तिले घरी आनलं.”

पाहुणे खरंच आले नाहीत. शाळेच्या वर्गात पंचवीस-तीस माणसं जमली, बहुतेक बायाच. बाईंनी ते पत्र स्वतः वाचून दाखवलं. गयासुद्दीन मागे दाराशी उभा होता. वाचन संपलं, पण टाळी वाजेना. पुढं पार्बताबाई बसली होती. एकुलता लेक गेल्यापासून वर्षभर ती चारचौघांत एक शब्द बोलली नव्हती. रुक्मिणीचं पुढं काय झालं, हे त्या मुलखात लहान पोरालाही ठाऊक. पार्बताबाईनं तर ते कीर्तनात कितीदा ऐकलेलं.

“मंग?” तिनं विचारलं. “नेलं का त्यानं तिले?”

कुणीही हसलं नाही. बाईंनी दाराकडे पाहिलं. तेव्हा मागून गयासुद्दीननंच सांगितलं, “नेलं, माय.”