गुरुलिंगअण्णाचं नाक

मी सिंधु, चाकूरच्या शाळेतली मास्तरीण. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. आता परवाचंच ऐका.

गुरुलिंगअण्णा आमचा मेकॅनिक. किनवटपासून लोक जुन्या गाड्या घेऊन यायचे, ते त्याच्या नाकासाठी. नव्या गाडीच्या सायलेन्सरला सेन्सर असतो. धुराचा अंदाज घेऊन गाडी पेट्रोल आपलं आपणच कमीजास्त करते. माझी गाडी बापानं दिलेली, पंचवीस वर्षांची. इंजेक्टर आहेत, कॉम्प्युटर आहे, पण धूर तपासणारं कुणी नाही. एक बारका स्क्रू असतो, तो माणसानं फिरवायचा. अण्णा सायलेन्सरपाशी उकिडवा बसून हुंगायचा, स्क्रू पाव आटा फिरवायचा, झालं! लातूरच्या मोठ्या गॅरेजवाल्यानं माझ्या गाडीपुढं हात टेकले होते.

सोमवारी गेले तर म्हणतो, "आज जमत न्हाई मॅडम. राजकन्या नायगावला माहेरी गेली हाय." राजकन्या म्हणजे त्याची बायको. गॅरेजात बसून प्लग पुसायचं काम तिचं.

मी भडकलेच. "गाडी तुम्ही दुरुस्त करता का तुमची बायको?"

 बिचारा निदान पेट्रोलचा फिल्टर बदलतो म्हणाला. बदलला, पाइप जोडला, गाडी चालू करून ठेवली. मी बाहेर खुर्चीत वह्या तपासत बसले होते. एकदम असा भपका आला की डोळ्यांत पाणी! आत धावले. पाइपाच्या जोडातून पेट्रोलची धार, खाली थारोळं, आणि हा बाबा देवाच्या फोटोपुढं उभा. एका हातात उदबत्ती, दुसऱ्यात काडेपेटी.

मी हातावर असा फटका मारला की काडेपेटी रस्त्यावर जाऊन पडली. गाडीची चावी फिरवून बंद केली.

"काय झालं?" पेट्रोलात उभा राहून मलाच विचारतो!

"अहो, वास येत नाही का तुम्हाला?"

त्याचं तोंड एवढंसं झालं. "कोरोनात गेला, मॅडम. परत आलाच न्हाई. राजकन्या हुंगून सांगते, मी स्क्रू फिरवतो. कुणाला बोलू नका, लोक यायचे बंद होतील."

दुसऱ्या दिवशी गॅरेजवर गेले तर राजकन्या परत आलेली. मी तिच्यावर तुटूनच पडले, नवऱ्याला असं एकटं सोडून जातात का म्हणून. तिनं मला भिंतीआड ओढलं.

"हळू बोला. माझंबी नाक त्याच आठवड्यात गेलंय."

मी कुठली हळू बोलतेय! "अगं, मग हुंगतेस काय?"

"हुंगायचं सोंग. प्लग काढून बघते. काळा असला तर पेट्रोल जास्त, पांढरा पडला तर कमी. तपकिरी झाला की म्हणते, वास बराबर हाय. नाक गेलं तवा त्यांनी खाणंपिणं सोडलं होतं, मॅडम. मी काय करू?"

माझ्या डोळ्यांपुढं ती काडेपेटी. हे पोटात ठेवण्यासारखं नव्हतंच. मी तिथल्या तिथं अण्णाला हाक मारली आणि सांगून टाकलं. राजकन्या पदर तोंडाला लावून उभी.

अण्णा तिच्याकडं वळला. मग हळूच म्हणाला, "तुझ्या नाकाच्या भरवशावर मी बिनघोर झोपत होतो की गं. घरातला गॅस?"

"रात्री दोनदा उठून बटन बघून येते."

"पाच वर्षं?"

"हाव," राजकन्या म्हणाली. "एक रात बी धड झोपले न्हाई."